कमी डेटात माहेर

माझा मामा मला आवडत नाही, हे आधीच लिहून टाकतो. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मामा जिवंत आहे, त्यामुळे ती अडचण नाही. गेले ते माझे बाबा.

बाबांच्या दहाव्याला मामा आला. नदीकाठी सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडला, तांब्याभर पाणी प्यायला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्काचं आधार कार्ड तिच्याजवळच असतं का रे?"

आक्का म्हणजे माझी आई, त्याची थोरली बहीण. विंचूरजवळ त्यांच्या वडिलांची जमीन आहे, कांद्याची. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर मामाबरोबर आईचंही नाव लागलं, कायद्याने लागतंच. मग आमच्याकडे असं असतं की बहिणीने एक दिवस कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, आपला वाटा भावाला देऊन टाकायचा आणि त्या बदल्यात दिवाळीची साडी घ्यायची. सही केली तर माहेर राहतं. नाही केली तर जमीन राहते. बाबांनी आईला सही करू दिली नाही. "मी असेपर्यंत नाही," ते म्हणाले, आणि त्यानंतर अकरा वर्षं ते होते. अकरा वर्षं आई माहेरी गेली नाही.

आता ते नव्हते, आणि मामाला आधार कार्डाची चौकशी करायची होती.

तेराव्यानंतर चार दिवसांनी त्याचा फोन आला. आईच्या माहेरी एक रीत आहे. नवरा गेलेल्या बाईने तेराव्यानंतर घराबाहेरचं पहिलं पाऊल माहेरच्या उंबऱ्यात टाकायचं. भावाने तिला न्यायचं, जेवू घालायचं, नवी साडी द्यायची. तोवर तिने दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कारण ज्या दारात ती पहिल्यांदा उभी राहील त्या घरात तिचं दुःख शिरतं, असं म्हणतात; माहेरच्या उंबऱ्यात मात्र पायांवर पाणी घातलं की ते बाहेरच धुऊन जातं. मी ग्रंथपाल आहे. नाशिक रोडच्या एका महाविद्यालयात पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळतो. असल्या रीतींचा मला संताप येतो, आणि आईशी मी त्यावरून भांडलोही होतो. "चल, नुसती खाली बाकावर बस थोडा वेळ," म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुला पटत नाही ना? मग तू बस." बाबा गेल्यापासून तिने कॉलनीतल्या आमच्या तीन खोल्यांबाहेर पाय टाकला नव्हता.

रीतच धरायची तर मामाने स्वतः येऊन तिला न्यायला हवं होतं. पण तो म्हणाला, "मार्केट चालू हाये, मला येळ नाय. सव्वा म्हयना भरला की तूच घेऊन ये गाडीने. मळ्यात नवा बंगला बांधलाय, तुला नाय घावायचा. लोकेशन टाकतो."

तो काय करणार हे मला समजल्यासारखं वाटलं. जेवण झालं, साडी दिली, आई भावुक झाली की कागद पुढे येईल. मी मनाशी ठरवलं: जेवायचं, साडी घ्यायची, हात धुवायचे आणि निघायचं. सही होऊ द्यायची नाही. बाबांचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

अडचण रस्त्याची होती. मला रस्ते येत नाहीत. गाडी बाबा चालवायचे आणि मी मागच्या सीटवर वाचत बसायचो, वयाच्या चाळिशीतसुद्धा. मला चिडवायचं असलं की ते विचारायचे, "आत्ता कुठलं गाव गेलं?" मला कधीच सांगता यायचं नाही. गाडी चालवायला मी उशिरा शिकलो, तीही घर ते कॉलेज एवढीच. फोनही माझा बटणांचा. नकाशे दाखवणारा फोन घरात एकच होता, बाबांचा, आणि तो मी चालू ठेवला होता. त्यात वर्षभराचा पॅक होता, त्यांनी जाण्याच्या दोन महिने आधी स्वतः दुकानात जाऊन भरलेला. बोलणं हवं तेवढं, डेटा मात्र साऱ्या वर्षाला मिळून चिमूटभर. "मला कशाला लागतंय नेट," असं म्हणून सगळ्यांत कमी डेटाचा पॅक घेणारे ते होते. तो डेटा संपला तर पुढचा मला भरावा लागणार होता, आणि मग तो फोन त्यांचा उरला नसता. हे कारण मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर सांगत होतो की मळ्यात रेंज नसते म्हणून बिननेटचं ॲप हवं.

आमच्या ग्रंथालयातला क्लार्क हे ऐकून खूश झाला. मला काही येत नाही असं दिसलं की तो नेहमीच खूश होतो. "सर, पेट्रोल किती जळतं ते बघा की. एमबी काय मोजताय?"

"तुम्हाला माहीत असलं तर सांगा, नसलं तर तारीख मारा पुस्तकांवर."

"सांगतो ना. सगळे वापरतात तेच वापरा. जग येडं आहे का?"

जग वेडं आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून मी तीन ॲप निवडली आणि तीन रविवार ओझरला गेलो. ओझरच्या विमान कारखान्यात बाबांनी नोकरी केली, त्यामुळे कारखान्याच्या फाटकापर्यंतचा तो एकच रस्ता मला पाठ आहे. नकाशा चुकला तर मला कळेल, म्हणून तो निवडला. निघताना फोनच्या सेटिंगमधला वापराचा आकडा कार्डावर उतरवायचा, फाटकाशी पोचलो की पुन्हा उतरवायचा, वजाबाकी करायची. कार्डं आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या जुन्या यादीची; संगणक आल्यापासून खोकीच्या खोकी पडून आहेत.

पहिला रविवार सगळे वापरतात त्या ॲपचा. मी घाबरत होतो तितकं ते डेटाखाऊ नव्हतं. साधा नकाशा ठेवला तर थोडकंच लागलं. उपग्रहाचं चित्र चालू केलं तेव्हा भसाभसा गेलं. त्यातही भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण काही दिवसांनी तो शिळा होतो आणि परत उतरवा म्हणून मागे लागतं. दुसऱ्या रविवारचं ॲप "कमीत कमी डेटा" अशी स्वतःची जाहिरात करणारं होतं. नकाशाला त्याला खरोखर काही लागलं नाही. वाचलेला सगळा डेटा त्याने दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवण्यात घालवला. आडगावच्या पुढे वळण दाखवायच्या ऐवजी ते मला गुडघेदुखीचं तेल दाखवत होतं. तिसरं ॲप कुठल्याशा परदेशी हौशी लोकांनी बनवलेल्या नकाशावर चालणारं. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा मी कॉलेजच्या वायफायवर एकदाच उतरवून घेतला, नंतर डेटा बंद ठेवला, आणि ओझरपर्यंत जाऊन आलो. एक एमबीही हलला नाही. दिसायला ते उघडंबोडकं आहे. रस्ते, नद्या, गावांची नावं. दुकानं, कचेऱ्या, फोटो फारसे काही नाही. मला ते आवडलं. पानावर जाहिरात नसलेलं पुस्तक आवडावं तसं.

या तीन रविवारांत मला आणखी एक कळलं. नकाशापेक्षा जास्त डेटा रोज सकाळी जात होता. बाबा कारखान्यातल्या निवृत्तांच्या चार ग्रुपांत होते. त्या ग्रुपांवर रोज पहाटेपासून गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि शुभ सकाळ येत होतं, आणि फोन ते आपोआप उतरवून घेत होता. ज्या ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" होती त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्याच माणसाला "आजचा दिवस आनंदात जावो" होतं. ग्रुप सोडायचं बटण मी दाबलं नाही. फोटो आपोआप उतरवणं तेवढं बंद केलं, आणि त्या निवृत्त सज्जनांना घरातल्या घरात मोठ्याने शिव्या दिल्या. आई म्हणाली, "कुणाला बोलतोस?" मी म्हणालो, "गुलाबाला."

मामाचं लोकेशन आलं ते मी तिसऱ्या ॲपमध्ये घातलं. मेसेज येण्यापुरता डेटा चालू करून मी लगेच बंद केला होता, त्यामुळे त्यातला छोटा नकाशा उघडलाच नव्हता. नुसता राखाडी चौकोन आणि लाल टाचणी. मी त्या जागेचे आकडे, लांबलचक दशांशांसकट, कार्डावर उतरवले, ॲपमध्ये भरले आणि तीनदा ताडून पाहिले. एकही अंक चुकला नव्हता. ॲपने विचारलं, या जागेला काय नाव द्यायचं? मी लिहिलं, "मामाचं घर".

ज्या सकाळी निघालो त्या सकाळी आई मागे बसली. पुढे बस म्हणालो तर म्हणाली, "पुढची सीट तुझी नाही, माझीही नाही." जेल रोडने नांदूर नाक्यावर आलो आणि मोठ्या रस्त्याला लागलो. चांदोरी गेलं, निफाड गेलं. फोनवरचा बाईचा आवाज दर वळणाला बोलत होता. अकरा वर्षांनी माहेरी निघालेली बाई खिडकीतून काय बघते ते मी आरशातून बघत होतो. ती द्राक्षांच्या बागा बघत नव्हती. समोरच्या सीटची शिवण बघत होती.

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. त्यांच्यामागे अडकलो असताना आई पहिल्यांदा बोलली. "त्या टपरीपासून आत."

"सरळ आहे अजून."

"आमच्या मळ्याचा रस्ता तो आहे. टपरीपासून आत."

"आई, त्यांनी नवा बंगला बांधलाय. रस्त्याच्या कडेला असेल."

"मळा उचलून नेला का त्याने रस्त्याच्या कडेला?"

"यात अचूक आकडे घातलेत मी. तीनदा तपासलेत."

ती गप्प झाली. मला तेव्हा त्या गप्प बसण्याचा रागच आला, कारण तीन रविवार घालवून मी जे निवडलं होतं त्यावर तिचा एका टपरीइतकाही विश्वास नव्हता. मी सरळ गेलो. मागे टपरी लहान होत गेली. आणखी बराच रस्ता कापून आम्ही पुढच्या तालुक्याच्या गावात शिरलो, तेव्हा मलाही काहीतरी खटकलं, पण आवाज ठामपणे डावीकडे, उजवीकडे सांगत होता. एका लोखंडी फाटकातून आत वळलो आणि तो म्हणाला, तुमचं ठिकाण आलं आहे. पडद्यावर माझ्याच हाताने लिहिलेलं "मामाचं घर".

समोर झेरॉक्सची दोन दुकानं होती. पत्र्याखाली टेबलं मांडून मुद्रांकवाले बसले होते. पिवळ्या भिंतीवर दुय्यम निबंधक कार्यालय असा फलक होता. कडुलिंबाच्या सावलीत काखेत फाइल घेतलेला मामा उभा होता आणि त्याच्या शेजारी मामी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी.

मामा खिडकीशी आला. "काय भाचेबुवा, सापडलं ना बिनचूक? पुस्तकवाल्यालाबी नेऊन सोडतं बघा मोबाईल."

"हे घर आहे तुमचं?"

"घरी नेट लागत नाय. हितं व्हतो तवा टाकलं लोकेशन. म्हटलं आलाच हाये तर जाता जाता एवढं काम उरकू, मंग जेवायला घरी. धा मिन्टाचं काम."

मागून मामी काळजीने म्हणाली, "नऊपासून नंबर लावून बसलेत हे. साक्षीदारबी चहा पिऊन पिऊन कटाळले."

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पिशवीत बघायला लागली.

मी खाली उतरलो. मी सहसा आवाज चढवत नाही. ग्रंथालयात सवय राहत नाही. पण त्या आवारात मी ओरडलो. बहिणीला जेवायला बोलावून कचेरीत उतरवून घेता, लाज वाटत नाही का, असं काहीसं. मुद्रांकवाल्यांनी खुर्च्या वळवल्या.

"तुझा बाप अकरा वर्सं आडवा पडला," मामा म्हणाला, "आता तू पडू नको."

"बाबांचं नाव घ्यायचं नाही."

"मंग कशाचं घ्यू? गट नंबराचं घ्यू?"

कुणीतरी हसलं. मी आणखी काही बोललो, त्याने आणखी काही ऐकवलं. मी शाळेत असताना मांजराला घाबरायचो, इथपर्यंत तो गेला. आम्ही दोघे गाडीच्या एका बाजूला होतो. दुसऱ्या बाजूची काच खाली झाली आणि आईने विचारलं, "झालं का तुमचं?"

मामा वळसा घालून तिच्या खिडकीशी गेला. आवाज एकदम मऊ. "आक्का, चल बाई. धा मिन्टं."

"उतरते की." माहेरच्या माणसाशी बोलताना आईची भाषाही माहेरची होते. "पर सव्वा महिन्यानं बाहेर निघाले मी. माझं पहिलं पाऊल हाये हे. ते कचेरीत टाकू म्हणतोस?"

"आता काय ते घेऊन बसलीस..."

"टाकते. मला काय. पर कचेरीला उंबरा नाय, बिऱ्हाड नाय. ते दुःख शिरंल कुठं? ज्यानं हितं बोलावलं त्याच्याच मागं जाईल घरी." तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. "तुझ्या सुनंला कितवा लागला रे?"

उत्तर मामीने दिलं. "सातवा!" आणि ती धावत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. "नका उतरू वन्सं. पाया पडते. बसा, आतच बसा."

"अगं ए, येडी हाये का तू?" मामा तिच्यावर खेकसला. "अडाणीपणा हाये सगळा."

"मंग सरकव तिला बाजूला," आई म्हणाली. "उघडते दार."

मामाने बायकोला सरकवलं नाही. त्याने एकदा कचेरीच्या पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा दाराच्या कडीवरच्या आईच्या हाताकडे. मग म्हणाला, तू गाडीतच बस, मी साहेबाला इथंच बोलावतो. गेला आणि तसाच परत आला. फोटो आणि अंगठा आत यंत्रावरच घ्यावा लागतो असं त्याला सांगितलं गेलं होतं. तोवर आतून त्याचा नंबर पुकारून झाला होता. साक्षीदारांपैकी एकाने विचारलं, "आम्ही जायाचं का थांबायचं?"

मामीने निकाल लावला. "आधी घरी. वन्संचं पाऊल उंबऱ्यात पडू द्या, मग काय कागद नाचवायचे ते नाचवा."

मामाची पिकअप पुढे, आमची गाडी मागे. आवाज बंद करून मी फोन खणात टाकला. विंचूरला आलो आणि पिकअप त्या टपरीपासून आत वळली. आरशात बघायचं मी टाळलं.

बंगला चांगला होता, हे कबूल करतो. बाहेरून गुलाबी फरशी, आत लाल सोफा, आणि समोर कांदाचाळ. सून दाराआड थांबली. मामीने तिला तिकडेच राहा म्हणून खुणावलं. आईच्या पायांवर पाणी घातलं, आई उंबरा ओलांडून आत गेली, आणि आत जाताच मामीच्या गळ्यात पडून रडली. सव्वा महिन्यात ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी सोफ्यावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, तिथी-वार सगळं.

जेवताना मामा मला म्हणाला, "घ्या सायेब. तिखट चालंल ना? नायतर दूध-भात द्यायला सांगतो." आईने साडी घेतली, लगेच नेसली, गोडाचा घास खाल्ला. ताटावरून उठल्यावर मामाने फाइल हातात घेतली. "आता चार वाजेपर्यंत पोचू, आक्का."

"जरा पडते," आई म्हणाली. पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाली, पदर तोंडावर घेतला आणि झोपली. खरंच झोपली, मला तिचा झोपेतला श्वास ओळखू येतो. मामा ओट्यावर येरझारा घालत होता. दोनदा आत येऊन त्याने भांडं वाजवलं. मामीने दोन्हीदा ते उचलून ठेवलं. साडेचार वाजले तेव्हा आई उठून बसली आणि म्हणाली, "चहा टाका की. अर्ध्यावर दूध घाल गं, तुझा चहा काळा असतो."

परत निघालो तेव्हा मी फार आनंदात होतो. इतक्या दिवसांत आनंद असा नव्हताच. विंचूर ओलांडेपर्यंत मी बोलत होतो: कशी जिरवली, त्याचं तोंड कसं झालं, बाबा असते तर काय म्हणाले असते.

"गाडी बाजूला घे," आई मागून म्हणाली.

मला वाटलं तिला मळमळतंय. कांदे भरायच्या एका शेडजवळ मी गाडी थांबवली.

"त्याने मला फसवून कचेरीत बोलावलं," ती म्हणाली. आता तिची भाषा आमच्या घरातली होती. "आणि नेऊन कुणी सोडलं?"

"मला काय माहीत होतं..."

"मी सांगितलं होतं. टपरीपासून आत. ऐकलंस?"

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"तुझे बाबा अकरा वर्षं म्हणाले, सही नाही. तो म्हणतो, सही कर. आज तू आवारात उभा राहून साऱ्या गावासमोर ओरडलास, सही होऊ देणार नाही. जमीन माझ्या नावावर आहे ना रे? तुझ्या बाबांनी एकदा तरी विचारलं का मला, तुझ्या मनात काय आहे? माझी आई आजारी होती तेव्हा मला माहेरी जायचं होतं. तेव्हा विचारलं का?"

"मग तुला करायची आहे सही?"

"आत्ता विचारतोस?" ती म्हणाली. "चल आता. अंधार पडायच्या आत घरी जाऊ."

त्या रस्त्यावर मला बाबांचा राग आला. हे लिहायला मला फार दिवस लागले. त्यांचा फोन, त्यांची गाडी, त्यांचा डेटा जपत मी सव्वा महिना काढला होता, आणि त्यांनी आईच्या नावाने धरून ठेवलेला हट्टही त्याच काळजीने जपत होतो. अकरा वर्षं मी त्याच घरात होतो. आजीच्या आजारपणात आई स्वयंपाकघरात बसून होती ते मी पाहिलं होतं. मी तेव्हाही पुस्तकात होतो. मेलेल्या बापावर रागवावं आणि ऐकायला तो नसावा, यासारखा दुबळा राग नाही. निफाडला चहाला थांबू का, एवढंच मी तिला विचारलं. ती नको म्हणाली.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती पिशवी भरताना दिसली. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, "माहेरी." मी गाडीची किल्ली घ्यायला गेलो. "एसटी आहे की," ती म्हणाली. "मला उतरायचं कुठे ते माहीत आहे." मी तिला स्टँडवर सोडलं. खिडकीशी उभा राहून मी विचारलं, या वेळी नीट, सावकाश, तुझ्या मनात काय आहे ते सांग. ती म्हणाली, "अजून ठरलं नाही. ठरलं की सांगेन. तुलाही आणि त्यालाही."

तेव्हापासून ती जात असते. चार दिवस म्हणून जाते आणि दहा दिवस राहते. सही केलेली नाही, नाकारलेलीही नाही. एकदा उंबऱ्यात घेतलेल्या विधवा बहिणीला भाऊ चल नीघ म्हणू शकत नाही. गाव बघत असतं. मामाला ते कळायला थोडा वेळ लागला. मला तो फोन करत नसे. आता करतो.

परवा दुपारी आला. "भाचेबुवा, आक्काला समजव जरा. आज नववा दिस. बांधावर खुर्ची टाकून बसती. कामाच्या बायांना म्हणती, ह्या वाफ्यात कांदा नका लावू, मेथी लावा. आन् माझी सून, लेकरू काखंत घेऊन तिच्या शेजारी बसून ऐकती! मालक कोण हाये हितं, मी का ती?"

मी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"सही करायची हाये का नाय, तेवढं इचार तिला एकदाचं. आन् किती दिस राहणार तेबी इचार. माझं नाव सांगू नको."

त्याच्या मागून आईचा आवाज येत होता. पाणी दुसऱ्या सरीला सोड, म्हणून ती कुणाला तरी दरडावत होती, चांगल्या मोकळ्या गळ्याने.

"मामा," मी म्हणालो, "ती तुमच्यासमोर बसली आहे. तुम्हीच विचारा."

त्याने फोन ठेवला नाही. मी ऐकत राहिलो. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. त्याने काही विचारलं नाही.